हवा, बुश आणि घाट

पुण्यातल्या दहा-बारा वर्षांच्या स्विफ्टच्या मालकाची मागणी साधारण अशी असते: रोज ऑफिसला न्यायची आहे, मागे आई-वडील बसतात, पण ताम्हिणी घाटात शिरलो की गाडी वळणाला घट्ट बसली पाहिजे. आणि खर्च बेताचा. मागणी रास्त आहे. फक्त दुकानात जाऊन काहीतरी नवीन ‘लावून घेण्याआधी’ एक आठवावे, की शोरूममधून निघाली तेव्हा ही गाडी वळणाला चांगलीच बसत होती. मधल्या वर्षांत तिचे रबर मेले आहे.

*

पहिल्या दुरुस्तीला पैसे लागत नाहीत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचे आकडे चिकटवलेले असतात, ते वाचावेत. पंपावरचा मुलगा ‘किती?’ विचारतो आणि आपण सवयीने पस्तीस म्हणतो. मोजायचे ते टायर गार असताना. तापमान साधारण सहा अंशांनी चढले की दाब एक पौंड वाढतो, त्यामुळे एक्स्प्रेसवेवरून उतरल्या उतरल्या घेतलेला आकडा धरून हवा सोडू नये. नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्यावा. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

*

‘शॉकअप गेले’ हे निदान आपल्याकडे फार घाईने होते. आधी कान द्यावा.

बारीक खड्ड्यांवर, कमी वेगात पुढून खडखड: बहुधा लिंक रॉड. जोडी चौघांच्या जेवणाच्या बिलात येते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उडी मारल्यासारखी ‘टण्ण’: स्ट्रटचे वरचे माउंटिंग आणि त्यातले बेअरिंग. ब्रेक दाबला की एक जाड ‘धप’: लोअर आर्मचे बुश. आणि स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी हेलकावे खात राहिली, किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेले दिसले, तर मग खरेच शॉकअप. बॉनेट दाबून सोडण्याची परीक्षा पार मेलेला शॉकअप पकडते. अर्धमेला तीत आरामात पास होतो.

*

लोअर आर्मच्या बुशाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे नवा मालही फुकट जातो.

हे बुश बेअरिंगसारखे फिरत नाही. आतली लोखंडी नळी आणि बाहेरचे कडे यांच्यात रबर चिकटवलेले असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा ते रबर पिळले जाते आणि परत येते. आता गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत आहेत आणि फिटरने त्याच अवस्थेत बोल्ट आवळला, तर बुशाची ‘सरळ’ अवस्था ती लोंबकळणारी ठरते. गाडी खाली आली की रबर कायमचे पिळलेले. मग थोड्याच दिवसांत ते फाटते आणि दोष ‘डुप्लिकेट माला’च्या माथी जातो. बोल्ट हाताने बसवावा, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी हलवावी आणि मग शेवटचा आवळा द्यावा. गॅरेजवाल्याला हे सांगायला संकोच वाटतो. वाटू द्यावा, पण सांगावे.

*

शॉकअप जोडीनेच बदलावेत. डावा नवा, उजवा जुना असे नको. नाना पेठेत सुटे भाग सगळे मिळतात, खोक्यावरचे नाव मात्र नीट वाचून घ्यावे. गाडीवर मुळात येतात त्या दर्जाचे शॉकअप, नवे माउंटिंग, नवे बंप स्टॉप: एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. स्ट्रट एकदा उघडला की मजुरी तीच पडते, म्हणून माउंटिंगचे पैसे वाचवणे महागात जाते.

*

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. सैल बुशांवर केलेले अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंत टिकते. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागावेत. अशा गाड्यांत टो, म्हणजे चाकांची तोंडे आत-बाहेर किती वळलेली आहेत, हीच मुख्य हातातली गोष्ट. मागे टॉर्शन बीम आहे, तिथे फिरवायला काही नसते; मागचे आकडे वाकडे आले तर कुठेतरी मार बसला आहे असे समजावे.

*

स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळतात. गाडी उचलल्यासारखी वाटते, कारण एक-दोन वेढे काम करायचे थांबतात. उरलेल्यांवर सगळा भार. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे त्याहून वाईट: स्प्रिंग कडक होते, शॉकअपला ती आवरत नाही, आणि चाक पूर्ण लोंबकळले की आखूड स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

शिवाय आपले रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. सोसायटीच्या दारातला ज्याने घातला त्याने पहिला आकडा वाचला असावा, दुसरा नाही.

*

हौस भागवायचीच असेल तर वळणात गाडीचे कलणे आवरणारा स्टॅबिलायझर बार जाड घ्यावा. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: २० मिलिमीटरचा २२ केला की जवळजवळ ४६ टक्के वाढ. पण फक्त पुढचा जाड केला तर पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी वळणात आणखी बाहेर सरकू पाहते. कलणे कमी झाले म्हणून पकड वाढली असे होत नाही. पसरणी घाटातल्या वळणांवर हा फरक कळतो.

*

पकड टायरची. दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४, वरच्याला १८५/६५ आर १५. घेराचा फरक पाव-अर्ध्या टक्क्याचा, म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही. कंपनीनेच वापरलेले मोठे माप म्हणजे सुरक्षित मर्यादा. सतरा इंची अलॉय दिसतात झकास, पण चाक जड होते, टायरची भिंत बुटकी होते आणि खड्ड्याचा दणका थेट कमरेत. शॉकअपवर केलेला सगळा खर्च त्याखाली बुडतो.

टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का बघावा: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. हा शिक्का टायरच्या एकाच बाजूला असू शकतो, तेव्हा बसवण्याआधीच वाचलेला बरा.