मायसाठी कोरलेला बुद्ध



जिनात रुईच्या गाठी उचलणाऱ्या माणसाने छंदावर लेख लिहावा, याचे कोणाला हसू येईल. छंद म्हणजे साहेब लोकांची गोष्ट, असे मीसुद्धा वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत समजत होतो. आज माझ्या घरच्या ओसरीत लाकडाचा ढलपा पडलेला नाही असा दिवस जात नाही. घरची मंडळी रोज झाडून काढतात आणि रोज बोलतात.

आमचे नांदगाव खंडेश्वर अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कापसाचा हंगाम सरला की जिन बंद होते. पावसाळ्यात कोणाच्या वावरात काम मिळाले तर मिळाले, नाही तर चौकात बसून दुसऱ्याच्या हातातले पत्ते पाहायचे. अशी माझी तीस वर्षे गेली.

चार वर्षांपूर्वी अशोक विजयादशमीला मायला घेऊन आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. १४ ऑक्टोबर १९५६ ला माय दहा-अकरा वर्षांची होती आणि आपल्या बापाच्या खांद्यावर बसून तिने ती गर्दी पाहिली होती. आता मात्र तिला काही दिसत नाही. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले. आम्ही मोतीबिंदू समजून दोन वर्षे थांबलो आणि दवाखान्यात पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने येते, काचबिंदूने गेलेली परत येत नाही. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरते आणि माणसाला दुखतही नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घ्या, एवढे जाता जाता सांगतो.

दीक्षाभूमीवरून सगळे कामठीला ड्रॅगन पॅलेस पाहायला निघाले. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून आणि सुलेखाताई कुंभारे यांच्या पुढाकाराने १९९९ साली हे विहार उभे राहिले. आतली तथागतांची मूर्ती चंदनाच्या लाकडाची आहे. आम्ही वंदना घेतली, शांत बसलो. बाहेर आल्यावर माय म्हणाली, "लाकडाचा हाय म्हणते. कसा दिसते रे बाबू?"

मी म्हणालो, "लय सुंदर हाय माय."

"सुंदर म्हंजे कसा?"

मला सांगता येईना. नाक कसे, ओठ कसे, चेहरा कसा, आताच पाहून आलो होतो आणि एक शब्द फुटेना. "हात लावून पाह्यला असता तर समजलं असतं," एवढे बोलून माय चूप बसली. मूर्ती उंचावर असते, तिथे हात पोचत नाही आणि हजारो लोकांचे हात तिथे पोचायलाही नकोत. पण परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत तेच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होते. आपल्या घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, बाबासाहेबांचा आहे. मायच्या बोटांना तिथे नुसती काच लागते.

आमच्या गावात एक म्हातारे सुतार मिस्तरी आहेत. दारे-खिडक्या आता बाजारातून तयार येतात, म्हणून ते वर्षभर किरकोळ काम करतात आणि श्रावण लागला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल बनवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरे चाकावरचे बैल ओढत घरोघरी जातात, ते बैल. मी त्यांच्या पडवीत जाऊन म्हणालो, "मिस्तरी, मले बुद्ध कोराले शिकवा."

म्हातारा माझ्याकडे पाहतच राहिला. "बुद्ध म्या कधी केला नाही गा. म्या बैल करतो. पहिले बैल शिक, मंग पाहू."

ही पडवी मला लहानपणापासून माहीत आहे. माझा बाप वखराचे काम घेऊन इथे यायचा तेव्हा अंगणात उभा राहून बोलायचा, वर चढायचा नाही. त्याच पडवीत मिस्तरीने मला पाट सरकवून दिला. कोणी त्यावर काही बोलले नाही, त्यांनीही नाही आणि मीही नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिले. जातीने नुसती कामे वाटली नाहीत, काम करणाऱ्या माणसांतच भिंती घातल्या, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. सुताराचे हत्यार सुताराच्याच हातात आणि आमच्या हातात फक्त कुऱ्हाड. माझ्या आज्याने जन्मभर पाटलाच्या वाड्यावर लाकडे फोडली, दुसऱ्याच्या चुलीसाठी. ते फोडलेले लाकूड घासून-पुसून पाहावे, त्याच्यात काही आकार आहे का ते शोधावे, एवढी सवड त्याला कोण देणार होते?

पहिले आठ दिवस मी काहीच कोरले नाही. नुसती पटाशी परजली. दगडावर पाणी टाकायचे आणि पटाशी एकाच कोनात धरून घासत राहायचे. मला वाटले, म्हातारा आपल्याकडून फुकट काम करून घेतो आहे. नवव्या दिवशी घाईने बोथट पटाशीवर जोर दिला, ती लाकडावरून घसरली आणि डाव्या अंगठ्यात घुसली. मिस्तरी म्हणाले, "धारेची पटाशी लाकूड कापते, बोथी पटाशी माणूस कापते." तेव्हापासून परजण्याला मी नाव ठेवत नाही. आणि दुसरा हात पटाशीच्या पुढे कधी ठेवत नाही.

मग बैल. मी सात बैल केले. पहिल्याला पोरांनी डुक्कर म्हटले. बैल करताना एक गोष्ट मात्र हाताला कळली. लाकडाला रेषा असतात आणि त्या रेषांच्या उलट पटाशी मारली की ती खोल शिरते आणि नको तिथून ढलपा उडतो. रेषेचा कल पाहून हात फिरवावा लागतो. वशिंडावर चढताना एका बाजूने आणि उतरताना दुसऱ्या बाजूने. हे कोणी बोलून शिकवू शकत नाही, ढलपा उडाला की समजते.

पोळा झाल्यावर मी बुद्धाला हात घातला. वादळात पडलेल्या कडुनिंबाचा बुंधा होता, तोच घेतला. ओला होता. अर्धा चेहरा झाला आणि एका सकाळी पाहतो तर कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ चीर. मिस्तरी म्हणाले की ओंडक्याच्या मधोमध गाभा असतो, तो ठेवला की वाळताना लाकूड फाटणारच. ओंडका उभा चिरून गाभा बाजूला काढायचा, दोन्ही तोंडांना रंग किंवा मेण लावायचे आणि सावलीत कित्येक महिने पडू द्यायचे. तोंडे लवकर वाळतात आणि मधला भाग मागे राहतो, म्हणून हे करायचे. हे आधी का नाही सांगितले, असे मी विचारले. "तू इचारलं कुठं?" म्हणाले.

दुसऱ्या वेळी आरामशीनवरून शिवणीचा वाळलेला तुकडा आणला. शिवण हलकी असते, पटाशीला नरम लागते आणि रंगाने फिकट पिवळी. या वेळी चेहरा आला, पण नाक तुटले. मिस्तरीने सांगितले होते, नाक मोठे ठेव, मोठ्याचे लहान करता येते, लहानाचे मोठे करता येत नाही. मी उत्साहात आधीच छान बारीक नाक करून बसलो आणि शेवटचा हात मारताना ते निघून हातात आले. फेविकॉल आणि भुसा लावून बसवले. आणि डोळे फार वर गेले. डोक्याच्या बरोबर मध्यावर डोळे असतात, हे आरशात स्वतःला मोजून पाहीपर्यंत माझा विश्वास नव्हता.

तरी ती मूर्ती मायच्या मांडीवर ठेवली. तिने दोन्ही हातांनी चाचपडून पाहिली. गाल दाबले, ओठांवरून अंगठा फिरवला. म्हणाली, "हा तर कोणा मुकादमावानी लागते. ओठ आवळून बसला हाय."

मग बोटे डोळ्यांवर गेली. "झोपला काय हा?"

"नाही माय, ध्यानात हाय."

"ध्यानातला वेगळा अन् झोपेतला वेगळा. माह्या बोटाले झोपेतला लागते." थोडा वेळ थांबून म्हणाली, "माहे डोये मिटले. याचे तरी उघडे ठेव बाबू."

खरे सांगायचे तर मिटलेले डोळे मी सोपे म्हणून केले होते. एक बाक घेतला, खाली एक रेघ मारली की झाले. बाबासाहेबांनी काढलेले उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. माझ्याही घरी आहे आणि मी त्याच्याखालीच बसून मिटलेले डोळे कोरत होतो.

उघडा डोळा फार अवघड. वरची पापणी जाड, खालची पातळ, दोन्हींच्या मधोमध बुबुळाचा गोल फुगवटा आणि तो बोटाला लागला पाहिजे. जरा जास्त उघडला की तथागत दचकल्यासारखे दिसतात. मी एका फळीवर नुसते डोळेच कोरत बसलो. चाळीस तरी कोरले असतील. ती फळी ओसरीत टेकवलेली पाहून माझी नात घाबरून रडली आणि घरच्या मंडळींनी ती उचलून कोठ्यात टाकली.

त्यांचा राग मला समजतो. एकदा मी म्हणालो, बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, चित्रकलाही शिकले. एवढ्या कामाच्या माणसाला सवड झाली तर जिन बंद असताना मला का होऊ नये? उत्तर आले, "बाबासाहेबानं पहिले संविधान लिवलं. तुमी पहिले घरावरचे कवेलू फिरवा." कवेलू फिरवले. मग पटाशी घेतली.

दुसरा विरोध विहारातून आला आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. आमच्या वस्तीतला एक शिकलेला मुलगा म्हणाला, "काका, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव गाठोड्यात बांधून सोडून दिले आणि तुम्ही पुन्हा मूर्त्या करून राह्यले?" मुलगा मनापासून बोलत होता. मी त्याला सांगितले की २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्वतः बाबासाहेबांनी बसवली. मूर्ती असण्यात दोष नाही. तिला नवस बोलला, तिच्यापुढे कोंबडे कापले, तिच्या नावाने कोणी पोट भरू लागला तर दोष. तो म्हणाला, आज तुमच्या ओसरीत आहे, उद्या नारळ फुटेल. त्याची ही भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून मी एक ठरवले आहे. मूर्ती विकायची नाही आणि कोणी हळद-कुंकू लावायला मागितली तर द्यायची नाही.

त्याच मुलाने नंतर मला पुस्तके आणून दिली, हे त्याचे मोठेपण. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके मूर्ती नव्हतीच, हे त्यात वाचले. सांचीला बोधिवृक्ष, चक्र, पावलांचे ठसे आणि रिकामे आसन कोरले आहे, त्यावरूनच बुद्ध ओळखायचा. गांधार आणि मथुरेकडे मूर्ती घडू लागल्या त्या इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास. पण सातव्या शतकात आलेला चिनी भिक्खू ह्यू-एन-त्संग याने एक आख्यायिका लिहून ठेवली आहे की, बुद्ध हयात असतानाच कौशांबीच्या उदयन राजाने त्यांची चंदनी मूर्ती करवून घेतली होती. म्हणजे गोष्टीतली पहिली मूर्ती दगडाची नाही, लाकडाची! आख्यायिकाच ती, इतिहास नव्हे, तरी वाचून मला बरे वाटले.

कार्ल्याच्या चैत्यात छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. आणि वेरूळची दहा नंबरची लेणी मी पाहिलेली आहे. तिला तिकडचे लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. दगडाचे छत कोरताना कारागिरांनी त्यात लाकडाचे वासे काढले आहेत, अगदी सुताराने ठोकल्यासारखे. मिस्तरीला हे सांगितले तेव्हा त्यांनी तीनदा विचारले, "सुताराची म्हंते? बुद्धाच्या लेणीले?" त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

मुलाने मोबाईलवर जपानच्या एन्कू नावाच्या भिक्खूच्या मूर्त्याही दाखवल्या. सतराव्या शतकात हा माणूस गावोगाव हिंडला आणि गरिबांच्या वस्त्यांत लाकडाच्या मूर्त्या कोरत गेला. त्याच्या पाच हजारांवर मूर्त्या अजून शिल्लक आहेत. काम सगळे ओबडधोबड, कुऱ्हाडीचे घाव तसेच ठेवलेले, पण चेहऱ्यावर हसू. ते पाहून मी गुळगुळीतपणाचा नाद सोडला. काचकागद कमी आणि पटाशी जास्त.

तिसरी मूर्ती वीतभर उंचीची, शिवणीचीच, गेल्या वैशाखात पूर्ण झाली. जवसाचे तेल दोन हात दिले, ऊन दाखवले. बुद्ध जयंतीच्या आदल्या रात्री मायच्या हातात दिली. तिने फार वेळ घेतला. डोळ्यांवर बोटे ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. मी विचारले, "कसा हाय माय?"

"कान लहान झाले," म्हणाली.

मग मूर्ती कपाटावर ठेवायला मी हात पुढे केला तर तिने दिली नाही. तेव्हापासून ती तिच्या खाटेवर उशाशी असते. पहाटे माय त्रिसरण-पंचशील म्हणते तेव्हा तिचा अंगठा मूर्तीच्या गालावरून फिरत असतो. वर्षभरात गाल आणि नाक काळपट चकचकीत झाले आहेत, जवसाच्या तेलाने येत नाही अशी चमक. मिस्तरी मुद्दाम घरी येऊन पाहून गेले, खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, याला आता पॉलिश करू नको.

आता मायला बाबासाहेब पाहिजेत. शिवणीचा ओंडका चिरून, तोंडांना रंग लावून सावलीत ठेवला आहे, दिवाळीनंतर हात घालीन. कोट जमेल, टाय जमेल, पुस्तक तर सोपेच आहे. अडचण चष्म्याची आहे. मिस्तरी म्हणतात, लाकडाची काडी टिकणार नाही, तांब्याची तार वाकवून बसव. माय म्हणते, तार बोटाले टोचते, लाकडाचाच कर. दोघांचे अजून जुळलेले नाही.