पट्टी हातात आली की आधी वाटणी

मंडळी, काल सोयाबीनची पट्टी झाली. ३ एकरांत ३० क्विंटल, भाव ४,०००, हातात १,२०,००० रुपये. धाकटा भाऊ लगेच म्हणाला, "दादा, कर्जमाफीची चर्चा चाललीय, सोसायटी आत्ता भरू नको."

माझं मत वेगळं. अडचणीत सापडलेल्याला माफी मिळालीच पाहिजे. पण पैसे हातात असताना बाकी ठेवायची, हे पटत नाही. घेतलेलं परत न करणाऱ्याला स्तोत्र ३७ दुष्ट म्हणतं. रविवारी चर्चमध्ये ते वाचायचं अन् सोमवारी सोसायटीच्या सचिवाला चुकवायचं, हे जमत नाही. शिवाय पीककर्जाची व्याजसवलत मुदतीत भरणाऱ्यालाच मिळते.

म्हणून वाटणी अशी केली. पीककर्जाचे ७०,००० सोसायटीत. राहिले ५०,०००. त्याचा दशमांश ५,००० देवाला. काही जण पूर्ण पट्टीवर दशमांश देतात, त्यांचा मान आहेच. मी कर्ज वजा करून देतो, कारण बियाण्या-खताला उचललेला पैसा माझी कमाई नाही.

मग १०,००० वेगळ्या खात्यात. हा हिशोब योसेफाचा. उत्पत्ती ४१ वाचा. सुकाळाच्या ७ वर्षांत पिकाचा पंचमांश साठवायचा, असं त्यानं फारोला सांगितलं. त्या साठ्यावर पुढची ७ वर्षं दुष्काळात मिसर देश जगला. आपल्याकडे तर एखादा पावसाचा खंडही पुरतो.

उरलेल्या ३५,००० मध्ये घरखर्च अन् हरभरा. नवी मोटारसायकल यंदा नाही.

तुमच्याकडे पट्टीची वाटणी कशी होते, लिहा.