पोर्थकर्नोची वाळू

इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरचे पोर्थकर्नो म्हणजे दोन कड्यांमधली मूठभर वाळू. 1870 साली मुंबई समुद्रतारेने इंग्लंडशी जोडली गेली ती इथेच. 1997 मध्ये काचतंतूंची केबलही याच गावाहून मुंबईमार्गे जपानला गेली. केसाएवढ्या काचेतून प्रकाश धावतो. तो मंदावला की समुद्रतळावरची यंत्रे त्याला पुन्हा जोर देतात.

लहानपणी दारात तारवाला दिसला, की आई मटकन खाली बसे. आज त्या वाळूतून मी तिला पुण्याला फोन लावला.

"बोलणं आकाशातून येतं ना रे?"

"नाही गं, समुद्राच्या तळातून."

"अगबाई! आणि तरी कोरडं?" ती हसली. "बरं, जेवलास का?"

तारेत शब्दाशब्दाला पैसे पडत. हा प्रश्न तारेने कुणी कधी विचारला असेल?