बाहत्तरांचा धडा

इयत्ता पांचवीच्या वर्गांत एक मुलगा ‘बाहत्तर’ ऐकून २७ लिहीत असे. आम्हीं त्यास निष्काळजी ठरवून बोल लाविला; तो मान खालीं घालून गप्प राहिला. पुढें उमगलें कीं, शब्दांत दोन आधीं येतात, सत्तर मागून. कानाच्या क्रमानें त्याचा हात चाले. शेजारच्या कानडींत सत्तर आधीं येतात.

२०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या गणितांत ‘सत्तर दोन’ असें वाचनही दिलें, तेव्हां मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं मुलांची हीच अडचण सांगितली होती.

आमचें सांगोलें ज्वारीचें गांव. आम्हीं कडब्याच्या काड्या आणविल्या : दहा-दहांच्या सात जुड्या व दोन सुट्या. त्या मुलानें त्या स्वतः मोजल्या व ७२ लिहिलें. ज्यांस हें आधींच येत होतें, त्यांस विचारिलें, “७९ मध्यें सात जुड्या, मग नांवांत ऐंशी कां?” तेही थबकले, मग एकास सुचलें, “ऐंशींला एक उणा!” धडा एकच, पायऱ्या मात्र ज्याच्या त्याच्या.

पालकहो, मूल चुकल्यास रागावण्यापूर्वीं ‘बाळ, तूं कसें मोजलेंस?’ एवढें विचारावें. आम्हीं तें उशिरां विचारिलें.