शनिवारचा सामना, रविवारचं चर्च

पुणे, डिसेंबर

चि. सायली,



तुझ्या रूममेटच्या शनिवार-रविवारबद्दल तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. शनिवारी कॉलेजच्या जिममध्ये बास्केटबॉलचा सामना, रविवारी सकाळी चर्च, दुपारभर लायब्ररीतून आणलेलं पुस्तक आणि संध्याकाळी नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम. सामन्यात घसा बसेपर्यंत ओरडणारी मुलगी दुसऱ्या दिवशी इतक्या भक्तिभावाने प्रार्थना कशी करते, या चार गोष्टींचा मेळ कसा बसतो, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर असं आहे की या चारही गोष्टी एका जुन्या वादातून आल्या आहेत. कामातून मोकळा झालेला वेळ माणसाने कशात घालवावा, हा तो वाद. तू राहतेस त्या मॅसॅच्युसेट्समध्ये तो कित्येक पिढ्या चालला. तिथल्या धर्मनिष्ठ लोकांनी आधी या वेळाला बंदी घालून पाहिली. बंदी टिकेना, तेव्हा त्यांनी त्याला वळण लावायचं ठरवलं, आणि आज तुला दिसतं ते त्या वळणाचं फळ आहे.

बंदी खरोखरीची होती. 1659 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन सरकारने नाताळ साजरा करण्यावर पाच शिलिंग दंड बसवला. बायबलमध्ये या सणाची आज्ञा नाही आणि तो पिण्याखेळण्यात जातो, हे त्यांचं म्हणणं. दंडाचा कायदा 1681 मध्ये रद्द झाला, पण नाताळची रीतसर सुटी त्या राज्याला मिळायला 1856 साल उजाडलं. त्याच लोकांची दुसरी बाजूही बघ. बायबल प्रत्येकाला स्वतः वाचता यावं म्हणून 1647 मध्ये त्यांनी कायदा केला: पन्नास कुटुंबांच्या गावाने मुलांना लिहायवाचायला शिकवणारा मास्तर नेमायचा. हार्वर्ड तर त्याआधीच, 1636 मध्ये, मुख्यतः सुशिक्षित धर्मोपदेशक तयार व्हावेत म्हणून निघालं होतं. धर्मासाठी शिकवलेलं वाचन मग धर्मग्रंथापुरतं राहिलं नाही. बोस्टनची सार्वजनिक लायब्ररी 1854 मध्ये लोकांसाठी उघडली, ती अशा वाचणाऱ्या समाजात. तेव्हा तुझ्या मैत्रिणीच्या हातातली कादंबरी चर्चच्या विरोधात उभी आहे असं समजू नकोस. ती वाचण्याची सवय त्या समाजाला चर्चच्या आग्रहामुळेच लागली.

खेळाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक भाविक घरांत खेळ म्हणजे सैतानाचं काम समजलं जाई. जेम्स नेस्मिथ हा कॅनडातला तरुण माँट्रियलला धर्मोपदेशक व्हायचं शिक्षण घेत होता आणि मैदानावरही उतरत होता. माणसांचं भलं करायला प्रवचनाखेरीज दुसरेही मार्ग आहेत, या निष्कर्षाला येऊन तो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत दाखल झाला. तिथे 1891 च्या हिवाळ्यात त्याच्यावर एक काम आलं: अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपलेला आणि बेसबॉलचा सुरू न झालेला, अशा दिवसांत कंटाळलेल्या अठरा विद्यार्थ्यांना जिममध्ये गुंतवून ठेवायचं. त्याने विचार कसा केला ते मुद्दाम सांगतो. फुटबॉलमध्ये मारामारी का होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडावं लागतं म्हणून. मग चेंडू घेऊन पळायचंच नाही. इतर खेळांत गोल करताना चेंडू जोरात का मारतात? गोल समोर उभा असतो म्हणून. मग गोल आडवा करून डोक्यावर न्यायचा, म्हणजे जोरापेक्षा नेम महत्त्वाचा ठरेल. शाळेच्या शिपायाने पीचच्या दोन टोपल्या आणून दिल्या, त्या सज्जाच्या कठड्याला, जमिनीपासून दहा फुटांवर ठोकल्या. टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू आत पडला की कुणीतरी वर चढून तो काढायचा. तेरा नियम टाइप करून भिंतीवर लावले आणि पहिला सामना एकच गोल होऊन संपला. ती दहा फुटांची उंची आजही कायम आहे. बळाला आवर घालायचा हा नैतिक विचार खेळाच्या रचनेतच बसवलेला आहे. पुढे नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेला, तिथे प्रार्थना चालवणं आणि खेळ शिकवणं ही दोन्ही कामं त्याच्याकडे होती. दरम्यान स्प्रिंगफील्डजवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने 1892 मध्ये मुलींसाठी नियम बदलून हा खेळ सुरू केला. तुझी मैत्रीण ज्या सामन्याला जाते त्याची सुरुवात तुझ्या आसपासचीच आहे.

यावर तू म्हणशील की आज कॉलेजचा खेळ हा धंदा झाला आहे. टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे होतात, 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावाचा नि चेहऱ्याचा मोबदला घेता येतो, आणि नाताळचं संगीत तर नोव्हेंबरपासून दुकानांत वाजतं. हे सगळं खरं आहे. पण धंदा गर्दीवर उभा राहतो आणि ती गर्दी आधी दुसऱ्या कुणीतरी जमवलेली असते. टोपल्या ठोकल्या तेव्हा तिकीट नव्हतं. गाण्यांचंही तसंच. ‘इट केम अपॉन द मिडनाइट क्लियर’ हे गीत 1849 मध्ये एडमंड सिअर्स या मॅसॅच्युसेट्सच्या पाद्र्याने लिहिलं. त्यात येशूच्या जन्माचं वर्णन नाही. माणसं लढाईच्या गोंगाटात शांततेचा संदेश ऐकत नाहीत, हे त्याचं दुःख आहे. असं गीत दुकानात वाजलं म्हणून त्याचा अर्थ पुसला जात नाही. दहा माणसं एकत्र उभी राहून ते म्हणतात तेव्हा तो पुन्हा उभा राहतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे सारं एका धर्माचं आहे, आणि तो धर्मही ओसरतो आहे. गॅलप या संस्थेच्या पाहणीत 2020 मध्ये चर्च, सिनेगॉग किंवा मशिदीचे सभासद असलेले अमेरिकन पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, 47 टक्क्यांवर आले. मग या वारशाचं पुढे काय? मला वाटतं, तो टिकला आहे तो बाहेरच्यांनी त्यात भर घातली म्हणून. शनिवारची सुटी बघ. न्यू इंग्लंडमधल्या एका कापड गिरणीने 1908 मध्ये ज्यू कामगारांच्या शब्बाथसाठी शनिवारही मोकळा ठेवला, 1926 मध्ये फोर्डने पाच दिवसांचा आठवडा केला, आणि 1938 च्या कायद्याने चाळीस तासांच्या आठवड्याची वाट देशभर मोकळी झाली. सेंडा बेरेन्सन ज्यू घरातली. ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारा अर्व्हिंग बर्लिनही ज्यू. तेव्हा तुझ्या मैत्रिणीचा शनिवार-रविवार कुणा एकाच्या मालकीचा नाही.

आणि मोकळ्या वेळाचा हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मॅसॅच्युसेट्समधल्याच विल्यम्स कॉलेजात शिकलेला मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत आला, त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं; त्याच मिशनने 1842 मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केलं, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजनं मराठी वळणाने गायली जाऊ लागली. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो मिशनऱ्यांमुळे नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सहा-सात वर्षं मालकांशी झगडून 10 जून 1890 रोजी ती सुटी मिळवली. मराठी घरांत तो खंडोबाचा वारही आहे. सुटी कुणी आयती देत नाही, हे लोखंड्यांच्या लढ्यातून कळतं. मिळालेली सुटी चार माणसांत बसून सत्कारणी लावावी लागते, हे नेस्मिथच्या टोपल्यांवरून कळतं.

म्हणून माझं सांगणं असं की मैत्रिणीबरोबर सामन्याला जा, गाण्याच्या कार्यक्रमालाही जा. श्रद्धा नसली तरी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून ऐकायला कुणाची हरकत नसते. खोलीत एकटीने फोन बघत काढलेली सुटी लोखंड्यांच्या कामगारांनी मागितलेली नव्हती. तिथल्या मराठी मंडळात तुझ्या वयाची मुलं असतील तर त्यांना जमवून रविवारचं काही सुरू कर: वाचन म्हण, भजन म्हण, व्हॉलीबॉल म्हण. तुझ्या मैत्रिणीलाही त्यात बोलव.

थंडीत जपून राहा.

तुझा,
काका