मांडव आणि कात्री

वृक्षाला जमीन पुरते. वेलीला जमीन पुरत नाही. तिला वर जावयाचे असते आणि वर जाण्याइतके बळ तिच्या अंगात नसते. म्हणून ती आधार शोधते. आपल्या समाजात ‘आधार’ ह्या शब्दाला केवढी प्रतिष्ठा आहे! देवाला आपण निराधारांचा आधार म्हणतो, म्हाताऱ्या आईबापांचा आधार म्हणून मुलाचे कौतुक करतो. कात्रीच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलेले नाही. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये, द्वादशीला तुळस खुडू नये, फळता वेल तोडू नये, असे संस्कार आमच्यावर लहानपणापासून झाले आणि त्यांविषयी आमच्या मनात आजही आदर आहे. तथापि हैदराबादेतील आमच्या घराच्या परसात एक द्राक्षवेल आहे. आधार देणारा मांडव आणि छाटणारी कात्री ही दोन्ही एकाच हाताची कामे आहेत, हे आम्हांला तिने शिकविले. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

आमची मंडळी मूळची समुद्रकाठची. तिकडे वेलीची रीत निराळी. मिरवेल पोफळीवर चढते किंवा पांगाऱ्याला बिलगते. जिवंत झाडच तिचा खांब होते आणि माणसाला फारसे काही करावे लागत नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आपण माटोळी बांधतो. लाकडी चौकटीला केवणीच्या दोरांनी रानातली फळे, कणसे आणि वेली टांगतो. वेलीचा आणि देवाचा संबंध आमच्या बायकांच्या मनात ह्या माटोळीने जोडलेला. हैदराबादेत आल्यावर आमच्या काकींनी द्राक्षांचा पहिला मांडव पाहिला, तेव्हा त्या म्हणाल्या, “ही तर बारा म्हयन्यांची माटोळी!”

द्राक्ष हे फळ आपल्या परंपरेला परके नाही. चरकसंहितेत ते ‘मृद्वीका’ ह्या नावाने येते. काव्यशास्त्रकारांनी तर कवितेचे दोन पाक सांगितले: नारळासारखा, ज्याचे कवच फोडल्यावाचून गोडी लागत नाही, आणि द्राक्षासारखा, ज्यात आतबाहेर गोडीच असते. दख्खनच्या मातीत द्राक्षे रुजली त्यालाही शतके लोटली आहेत. चौदाव्या शतकात आलेला प्रवासी इब्न बतूता दौलताबादेविषयी लिहिताना तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद करून गेला. दोनदा का फळतात, ह्याकडे पुढे वळू.

हैदराबादेचे स्वतःचे द्राक्ष म्हणजे अनब-ए-शाही. ‘अनब’ म्हणजे अरबीत द्राक्ष; तेव्हा हे राजद्राक्ष झाले. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्या कारकिर्दीत, १८९० च्या सुमारास, अब्दुल बाकर खान ह्यांनी ते येथे आणले. मणी मोठा, लांबट, पिकला की मधाच्या रंगाकडे झुकणारा. आत बी, साल पातळ, रस नितळ. घड इतका जड की दोन हातांनी तोलावा लागतो. तेलंगणाच्या तांबड्या, रेताड ‘चल्का’ जमिनीत हा वेल असा रमला की शहराभोवती कोसच्या कोस द्राक्षांचे मांडव उभे राहिले. मोझमजाही मार्केट ही त्या काळी फळांची मोठी पेठ होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी तेथून चालताना करंड्यांतल्या द्राक्षांचा वास येई, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत.

आमच्या काकांनी परसात वेल लावला तो अशाच एका मळ्यातून आणलेल्या काडीचा. काका सरकारी कचेरीत नोकरीला होते. हिशेबाची सवय असलेला माणूस बागेतही हिशेबच करतो. त्यांनी प्रथम मांडव उभारला आणि मग वेल लावला. तेलंगणात दगडाला तोटा नाही. ग्रॅनाइटचे नऊ फुटी खांब दोन-दोन फूट गाडून, वर सात फुटांवर जस्ती तारांची जाळी त्यांनी ओढून घेतली. वेलीला पहिल्या वर्षी एकच बांबू. जोमाची एक फूट ठेवावयाची, बाकीच्या काढावयाच्या आणि ती फूट सुतळीने बांबूला बांधीत वर न्यावयाची. बांधताना गाठ सैल हवी, कारण आज बोटाएवढे असलेले खोड उद्या मनगटाएवढे होणार असते. घट्ट गाठ काही काळाने फास होते. काका आम्हांला म्हणत, “बांधताना पुढच्या वर्षाचे खोड डोळ्यांपुढे ठेवा.”

फूट तारेपाशी पोचली की तिचा शेंडा खुडतात. नवख्या माणसाला हे क्रौर्य वाटते. ज्यासाठी वर्षभर वर चढविले, तेथे पोचताच डोके उडवावयाचे! परंतु शेंडा खुडला की खालचे डोळे जागे होतात आणि दोन बाजूंना दोन फांद्या निघतात. त्यांना बागाईतदार ‘ओलांडे’ म्हणतात. ओलांड्यांवर काड्या, काड्यांवर डोळे आणि डोळ्यांत घड अशी ही वंशावळ आहे. घडापर्यंतची प्रत्येक पायरी एकेका काटछाटीने येते.

थंड देशांत हिवाळा आला की द्राक्षवेल पाने गाळून झोपते. माळी तिच्या झोपेत छाटणी करतो आणि वसंतात ती फळाला लागते. दख्खनमध्ये अशी झोप वेलीला मिळत नाही. ती बारमाही हिरवी राहते आणि मोकळी सोडली तर पानांमागून पाने काढीत सुटते. म्हणून येथे ऋतूचे काम कात्रीला करावे लागते आणि ते वर्षातून दोनदा करावे लागते. पहिली एप्रिलची खरड छाटणी: घड उतरल्यावर ओलांड्यांवरच्या काड्या एक-दोन डोळे ठेवून साफ करावयाच्या. मांडव उघडाबोडका दिसतो. मग नव्या काड्या येतात, आणि पुढच्या घडाचा गर्भ ह्या काड्यांच्या डोळ्यांत दीड-दोन महिन्यांत तयार होतो. त्या वेळी डोळ्यांवर ऊन पडले पाहिजे. गर्दी झालेल्या पानांच्या अंधारात डोळा वांझ राहतो. छाटणीला उशीर झाला तर हा नाजूक काळ पावसाळी ढगांखाली सापडतो. दुसरी ऑक्टोबरची, जिला ‘गोडी छाटणी’ असे गोड नाव आहे: पक्व झालेली काडी जातीप्रमाणे मोजके डोळे राखून कापावयाची, म्हणजे कापाजवळचे डोळे फुटतात आणि फुटीबरोबर घड बाहेर येतात. ते फाल्गुन-चैत्राच्या आगेमागे पिकतात. वर्षातून दोन बहारांची जी नोंद इब्न बतूताने केली, तिच्या मुळाशी दख्खनच्या वेलीचे हे न झोपणेच आहे. एप्रिलच्या छाटणीलाही काही घड निघतात. पण ते पावसात सापडून नासतात. म्हणून त्या बहारावर पाणी सोडून एकच बहार नीट घ्यावा, हे पुढे आलेले शहाणपण.

सात-आठ वर्षांपूर्वी काका वारले. त्या एप्रिलात कात्री कोणी उचलली नाही, ऑक्टोबरातही नाही. काकींनी सांगितले, “त्यांच्या हातचे आहे. कोणी हात लावू नका.” घरात त्यांचा शब्द मोडण्याची रीत नाही. दोन वर्षे वेल मोकळी वाढली. तारांवरून ती शेजारच्या चिकूवर गेली, गच्चीच्या कठड्याला लपेटली, खाली लोंबकळली. पाहुणे येत आणि म्हणत, काय सुरेख हिरवीगार! घड मात्र मोजके आणि तेही हिरवट, मुठीएवढे. पानांच्या दाटीत केवडा आणि भुरी ह्या रोगांनी घर केले. दुसऱ्या वर्षी जूनच्या वादळात ह्या भाराने एक खांब कलला आणि दोन तारा तुटल्या. घरातील तरुण मंडळींचे म्हणणे पडले की आता वेलच मुळापासून काढावी. काकींना छाटणीही नको होती आणि वेलीला निरोप देणेही नको होते.

पुढील एप्रिलात आम्ही एका वृद्ध माळ्याला बोलाविले. शहराबाहेर त्याची स्वतःची द्राक्षबाग होती. तिचे प्लॉट पडले आणि आता तो इतरांच्या बागा राखीत होता. मांडवाखाली उभा राहून त्याने बराच वेळ वर पाहिले आणि काकींना दख्खनीत म्हणाला, “अम्मा, बोझ उतारो, नै तो बेल उतारो.”

काकी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी आम्हांला कोंकणीत विचारले, “वालीक दुखतलें?” हा प्रश्न माळ्याला समजावून सांगताना आमचा कंठ दाटून आला. माळ्याने एक जाड काडी कापून दाखविली. कापलेल्या तोंडातून स्वच्छ पाणी थेंब थेंब गळू लागले. काकी चटकन पुढे झाल्या आणि तेथे पदर धरू लागल्या. म्हाताऱ्याने त्यांना थांबविले. हे पाणी मुळांतून येते, तो म्हणाला; मुळे जिवंत आहेत, त्यांच्यात अजून जोर आहे, म्हणून ते इतक्या वर चढून गळते आहे. मेलेल्या वेलीला पाणी सुटत नाही.

“कापात तर,” काकी म्हणाल्या.

त्या दिवशी मांडवावरून दोन हातगाड्या भरून काडी उतरली. जाड कापांवर मोरचूद आणि चुना ह्यांची बोर्डो पेस्ट काकींनी स्वतःच्या हाताने लावली. हे मिश्रण फ्रान्समधील बोर्दो प्रांतातले. १८८५ च्या सुमारास मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने केवड्यावरील उपाय म्हणून ते जगापुढे मांडले. काकींना ह्या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. निळसर लेप लावताना त्या म्हणाल्या की काकांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांच्या पाठीला मलम लावीत होते, तशीच ही सेवा. ऑक्टोबरात कात्री त्यांनी आमच्या हातून घेतली. काडी कोणती राखावी आणि कोणती काढावी हे त्या माळ्याला विचारीत आणि मग निर्धाराने कापीत. पुढल्या फाल्गुनात घड आले. काकांच्या वेळेइतके नव्हते. परंतु मणी भरलेले होते आणि त्यांवर ऊन खेळत होते. पहिला घड देवळात गेला.

आता ह्या शहरात द्राक्षांचे मांडव शोधावे लागतात. राजेंद्रनगरला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तेथे जुन्या-नव्या जाती पाहावयास मिळतात. परंतु ज्या मळ्यांतून काकांनी काडी आणली, तेथे इमारती उभ्या आहेत. द्राक्षांचा व्यापार नाशिक, सांगली, सोलापूर ह्या भागांकडे आणि बिनबियांच्या जातींकडे वळला. आमच्या घराचाही करार झाला आहे. जुनी वास्तू उतरून त्या जागी सदनिका होतील. पन्नास वर्षांचे खोड उपटून दुसरीकडे लावता येत नाही.

येथे मात्र कात्रीचा एक गुण आमच्या कामी आला. द्राक्षवेल बियांपासून वाढविली तर मूळ वेलीसारखी निघत नाही. ती काडीपासूनच वाढवावी लागते. म्हणजे १८९० च्या सुमारास जी वेल येथे आली, तीच छाटलेल्या काड्यांच्या रूपाने आजवर जगत आली आहे. प्रत्येक मांडवावरची अनब-ए-शाही ही कोणत्या तरी दुसऱ्या मांडवावरची छाट आहे. ताश-ए-गणेश, सोनाका ह्यांसारख्या जातीही अशाच मिळाल्या: बागाईतदाराला वेलीवर एखादी वेगळी फांदी दिसली, ती त्याने कापून लावली. जी वेल कधीच छाटली गेली नाही, ती आपल्या खोडाबरोबर संपते.

मागील ऑक्टोबरातल्या छाटणीत काकींनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व काड्या वेगळ्या काढल्या. चार-चार डोळ्यांचे तुकडे केले, खालचा काप डोळ्याखाली सरळ, वरचा तिरपा, म्हणजे उलटसुलट होऊ नये. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्या देवळात घेऊन गेल्या आणि रविवारच्या भजनानंतर मागेल त्याला दिल्या. सगळ्या रुजल्या नाहीत. बोअरवेलचे खारट पाणी काहींना मानवले नाही, काही कुंड्यांत कोंडल्या गेल्या. परंतु सात घरी पाने फुटली आहेत, आणि एक काडी देवळाच्या मागील आवारात, विहिरीजवळ, चांगली छातीभर झाली आहे.

ज्यांच्याकडे काडी गेली आहे त्यांना काकींचा निरोप असा: एकच फूट ठेवा, गाठ सैल बांधा, तारेला पोचली की शेंडा खुडण्यास कचरू नका, आणि चैत्रात कात्री चालविताना पाणी गळले तर भिऊ नका. देवळातल्या वेलीला सध्या एक बांबू पुरतो आहे. येत्या पावसाळ्यानंतर तिला मांडव लागेल. त्यासाठी आमच्या परसातले दगडी खांब उतरवून देण्याचे आम्ही ठरविले आहे. कलला होता तो खांबही अजून धड आहे. वर ओढावयाची तार आणि मजुरी एवढाच खर्च उरतो. तो कोणी एकट्याने उचलू नये, चारचौघांनी मिळून उचलावा, अशी काकींची इच्छा आहे.