मेणातली गाठ

दुर्मिळ आजाराचं पहिलं दुखणं हे, की त्याला गावात सोबत नसते. शुगर असली तर बाळापुरात कुठल्याही ओट्यावर बसावं, दहा सल्ले फुकट मिळतात. कोणी मेथी सांगतं, कोणी जांभळाच्या बिया. माझ्या काकांच्या फुप्फुसात निघालेल्या गाठीबद्दल मात्र ओट्यावरच्या मंडळींकडे शब्द नव्हता. काकांना ना बिडीची सवय, ना तंबाखूची. छातीच्या फोटोत डाग, खोकल्यात रक्त, म्हणजे क्षय, असा हिशेब एका डॉक्टरांनी मांडला आणि गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे क्षय इतका आहे की हा हिशेब पुष्कळदा बरोबरही येतो. चुकतो तेव्हा महिने जातात. गावानं आपलं वेगळंच निदान केलं होतं: पारसच्या वीजकेंद्राची राख. पारस आमच्याच तालुक्यात. खोकला कुणाचाही असो, बोट तिकडेच जातं.

शेवटी अकोल्यात दुर्बीण घालून तुकडा काढला, तेव्हा नाव कळलं: कार्सिनॉइड. फुप्फुसाच्या कर्करोगांत शंभरात एक-दोन. श्वासनळीच्या अस्तरातल्या, संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींपासून उगवणारी ही गाठ. तिचं नेहमीचं रूप सावकाश वाढतं, वेळेत सापडलं तर बहुतेकदा शस्त्रक्रियेनं निघून जातं, आणि धूम्रपानाशी त्याचं ठाम नातं आढळलेलं नाही. राखेवर इतर आरोप खुशाल ठेवा. हा तिच्यावर सिद्ध होत नव्हता.

मुंबईच्या टाटा रुग्णालयातून निरोप आला, येताना ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या. ब्लॉक म्हणजे काय ते तोवर मला ठाऊक नव्हतं. शरीरातून काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मग त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात. काडेपेटीहून लहान असा तो ठोकळा. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापून, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवून काचेवर घेतले की स्लाइड होते. उरलेला ठोकळा सांभाळला तर पुढे कित्येक वर्षं टिकतो. काकांना तो दाखवला. हातात धरून म्हणाले, "मले मेणात बसवलं म्हना की त्याईनं!"

मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या परगावच्या कर्करुग्णांना तिचा मोठा आधार. बाबा आमच्याच वऱ्हाडचे, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे; त्यामुळे काका तिथं पाहुण्यासारखे नव्हे, घरधन्यासारखे वावरले. शस्त्रक्रियेआधी सहीसाठी कागद आला: काढलेल्या गाठीचा उरलेला भाग संशोधनासाठी ठेवू का? मी अडखळलो. काका म्हणाले, "कर सही. काढलेली गाठ काय मी वावरात पेरू?"

तो कागद काय मागत होता, हे मला पुढे वाचून वाचून उमगलं. ज्या गाठी शंभरात एक-दोन, त्या एका जिल्ह्यात अभ्यासाला पुरणार कशा? बाळापूरची एक, बार्शीची एक, बेळगावची एक अशा एका जागी आल्या, तरच कुणाला काही ताडून पाहता येतं. 1907 साली म्युनिकच्या झिगफ्रीड ओबरनडॉर्फरनं आतड्यातल्या अशा मोजक्याच गाठी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, आणि हा प्रकार नेहमीच्या कर्करोगाहून निराळा आहे असं सांगितलं. आज टिश्यू बँक म्हणतात ती हीच रीत, मोठ्या प्रमाणावर. कुणी तरी दिलेलं जपायचं, आणि ज्याला त्यावर नीट प्रश्न विचारता येतो त्याला वापरू द्यायचं.

परळच्या त्याच रुग्णालयाची प्रयोगशाळा 1941 पासून डॉ. वसंत खानोलकरांनी उभी केली. 1945 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाईंनी एक निबंध लिहिला, तो मला फार आवडतो: राहणीच्या सवयींशी निगडित कर्करोगांवरचा. धोतर जिथं कमरेला घट्ट बसतं, तिथल्या कातडीला वर्षानुवर्षं काच पडून होणारा कर्करोग त्यात होता. युरोपातल्या पुस्तकात तो कुठून असणार? आमच्या आज्यापणज्यांची कंबर कुणी तरी निरखून पाहिली, हे वाचून उगाच बरं वाटलं.

बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे तिथल्याच डॉक्टरांनी टाटा रुग्णालयासोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 1 लाख 31 हजारांवर स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदाच केलेली एचपीव्ही विषाणूची चाचणी मृत्यू कमी करते, हे 2009 साली त्यातून दिसलं. जगभर त्याचा दाखला देतात. विज्ञान काचेच्या इमारतीत होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या गावांत जाऊन यावं.

एक गोष्ट मला खटकते. गाठ जाते, त्यावर काय झालं ते परत कुणी कळवत नाही. काका अजून विचारतात, "माह्या गाठीचं काय केलं त्याईनं?" मोठी मागणी नाही ही. वर्षाकाठी मराठीतलं एक पत्रक निघालं, अशा नमुन्यांवरून यंदा इतकं कळलं म्हणून, तरी पुरे. देणाऱ्याचं नाव त्यात नको, पण देणाऱ्याला उत्तर हवं.

तोवर तुमच्या घरात अशी वेळ आली तर एवढं करा. ब्लॉक आणि स्लाइड पॅथॉलॉजीतून मागून घ्या, पोच द्या, दोन्ही जपा. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो. बंद गाडीत किंवा टिनाखाली ठेवलेलं मेण मऊ पडू शकतं, म्हणून ब्लॉक सावलीत, थंड जागी ठेवा. आणि संशोधनाच्या कागदावर सही करण्याआधी, गाठ कुणाकडे राहणार, कशासाठी वापरणार आणि मन बदललं तर होकार मागे घेता येईल का, हे मराठीत विचारा. उत्तर मिळाल्यावर सही करा.